पाच बेचाळीसची वंदना

आमच्या वस्तीतल्या विहारात आजही पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी वंदना सुरू होते. साडेपाचला नाही आणि पावणेसहालाही नाही. एखादा नवखा पाहुणा विचारतो, हे बेचाळीस कुठून आलं? मग कमिटीतला जो कुणी जवळ असेल तो चेहरा गंभीर करून सांगतो, "ग्रंथात दिलंय." हे खोटं नाही. ग्रंथात दिलेलंच आहे. फक्त तो ग्रंथ म्हणजे जपानातल्या एका बारक्या लोकल रेल्वेचा इतिहास आहे, आणि पाच बेचाळीस ही तिची सकाळची पहिली गाडी. हे मला माहीत आहे. आणखी ज्यांना माहीत होतं त्यांनी ते विसरायचं ठरवलं. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. माझे गुडघे गेले, शहराचं नाव बदललं, छोटी लाईन उखडून मोठी आली, पण पाच बेचाळीस जागचं हललं नाही. वाळूजच्या पहिल्या पाळीला जाणारी पोरं वंदना उरकून थेट कंपनीच्या बसमध्ये बसतात आणि म्हणतात, ग्रंथाची वेळ कशी बरोबर जमते बघा. जमणारच. ती वेळ मुळात कामावर जाणाऱ्यांसाठीच होती.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते रेल्वेत कीमन होते. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या हादऱ्यानं ढिल्या होतात. त्या रोज पायी फिरून हातोड्यानं ठोकत जायचं, हे कीमनचं काम. दादांचा पट्टा स्टेशनापासून दौलताबादच्या अंगाला होता. सकाळी खांद्यावर हातोडा, बगलेत लाल-हिरव्या झेंड्या आणि फडक्यात भाकरी घेऊन निघायचे, ते उन्हं कलल्यावर यायचे. आले की हातोडा दाराआड टेकवायचे. त्याचा ठण असा आवाज व्हायचा आणि त्या आवाजावर आई तवा टाकायची. क्वार्टर दोन खोल्यांचं. गाडी गेली की मांडणीवरची जर्मनची भांडी एकमेकांवर वाजायची. किती वाजली त्यावरून मालगाडी गेली की पॅसेंजर, ते आई मान वर न करता सांगायची. आई पिशोरची. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी तिच्यासारखी कुणाला जमली नाही, आणि दादांच्या चुकीवर बोट ठेवणंही तिच्यासारखं कुणाला जमलं नाही. दादा बोलघेवडे, आई कमी बोलायची. पण संसाराच्या शेवटी कुणाचं किती खरं निघालं याचा विचार केला, तर आईचं पारडं बरंच जड होईल.

दादा पक्के होते. आमच्याकडं नारळ फुटत नसे, दाराला लिंबू-मिरची लागत नसे, कुणाच्या अंगात येत नसे. भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, एक मिटल्या डोळ्यांच्या बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली. शेजारणीनं पोराला ताईत बांधला तर दादा स्वतः जाऊन तो सोडून आणायचे आणि वर तासभर भाषण द्यायचे. "डोळ्यानं बघितल्याबिगर काय मानायचं नाय," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आता पुढचं सांगायला मला थोडी लाज वाटते आणि थोडं हसूही येतं.

एका दिवशी दादा आले ते हातोड्याचा आवाज न करताच आले. आईला कळलंच नाही, तवा थंड राहिला. दादांच्या दोन्ही हातांवर निळ्या कापडी बांधणीचं एक जाड पुस्तक होतं. झालं असं, की दौलताबादच्या अलीकडं रुळांवरून एक टकला परदेशी माणूस चालत येत होता. दादांनी लाल झेंडी दाखवली. तो जागीच थांबला आणि कमरेत वाकला. उन्हानं लाल झाला होता, म्हणून दादांनी त्याला पाणी दिलं, अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी तो वाकतच राहिला. मग त्यानं दादांचा हातोडा हातात घेऊन तोलून पाहिला. गुडघ्यावर बसून रुळाच्या चावीला बोट लावलं. हातोड्यासकट दादांचा फोटो काढला. तेवढ्यात पॅसेंजर आली, तर हा रुळाच्या कडेला हात खाली सोडून ताठ उभा राहिला आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हलला नाही. नंतर पिशवीतून हे पुस्तक काढून त्यानं दोन्ही हातांनी दादांना दिलं. ना त्याला मराठी येत होती, ना दादांना जपानी.

"भिक्खू हाय," दादा म्हणाले. "डोकं सफाचट. दोन्ही हातांनी देतो. अन् वाकतो कसा, बघायला पायजे व्हतं."

"पँट घातली व्हती का?" आईनं विचारलं.

"व्हय."

"भिक्खू पँट घालतो?"

"जपानात घालत असतील."

एवढ्या चौकशीवर आमच्या बुद्धिवादी घरात धर्मग्रंथ दाखल झाला. दोन तसबिरींच्या मधे फळी ठोकली गेली. पुस्तकावर पांढरं रेशमी फडकं आलं. आईनं फक्त एक डांबरगोळी आत टाकली, म्हणाली, कुणाचा का ग्रंथ असंना, झुरळाला कळत नाय.

पुस्तकात चित्र म्हणून एकच होतं. शेवटी घडी घालून ठेवलेला सुटा लांब कागद, त्यावर एक वळणावळणाची रेघ आणि रेघेवर बारा गोल. प्रत्येक गोलाशी तीन-चार जपानी अक्षरं. दादांनी ते बारा गोल मोजले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. बारा निदानं! अविद्येपासून जरामरणापर्यंतची दुःखाची साखळी, जशी विहारात शिकवतात तशी, एकातून एक निघणारी. त्या दिवसापासून दादा दर पौर्णिमेला नकाशा भिंतीवर टांगून प्रवचन करू लागले. हातात छडी. पहिला गोल अविद्या, दुसरा संस्कार, आठवा तृष्णा, इथं माणूस अडकतो. ज्या माणसाचा जन्म रुळांवर गेला, त्याला समोरची रेघ म्हणजे रूळ आणि गोल म्हणजे स्टेशनं हे दिसलं नाही. डोळ्यानं बघितल्याशिवाय मानायचं नाही, हे बरोबर आहे. पण एकदा मानलं की डोळ्याला दिसायचं बंद होतं, हे दादांनी कधी सांगितलं नव्हतं.

नकाशाच्या आधीच्या पानांवर नुसते आकडे होते, रांगाच्या रांगा. ५:४२, ६:०९, ६:३१. आकडे आपलेच इंग्रजी, त्यामुळं दादांना ते वाचता येत होते. त्यांनी ठरवलं, या ध्यानाच्या वेळा. आता कुणी म्हणेल, रेल्वेच्या माणसाला टाइमटेबल ओळखू आलं नाही? नाही आलं, आणि त्यात दादांचा फारसा दोष नाही. आमच्या लाईनीवर सकाळची गाडी कधी नाश्त्याला यायची, कधी जेवायला. गाड्या पाच बेचाळीसला सुटतात आणि सहा नऊला पोचतात हे त्यांनी नोकरीत कधी पाहिलंच नव्हतं. इतका मिनिटामिनिटाचा नेम फक्त धर्मातच असू शकतो, असं त्यांना वाटलं. पाच बेचाळीसची वंदना तेव्हापासूनची. पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं-पाच जण होतो, वर्षभरात सगळी वस्ती उठू लागली.

साळवे मास्तर तेव्हा विहाराच्या कमिटीचे सचिव होते. शाळेत शिकवायचे, धोतरासारखे लांब शब्द वापरायचे आणि दादांना मनातून अडाणी समजायचे. सुरुवातीला त्यांनी ग्रंथाला कडाडून विरोध केला. पण पौर्णिमेची गर्दी दुप्पट झाली तशी त्यांची शंका निम्म्यानं कमी झाली. मग एक दिवस तेच म्हणाले, एवढा ठेवा एका क्वार्टरमध्ये ठेवणं योग्य नाही. वाजत-गाजत मिरवणूक निघाली. दादांनी डोक्यावरून पुस्तक नेलं आणि विहारातल्या नव्या काचेच्या कपाटात ठेवलं. दादा अध्यक्ष झाले. आईनं खिरीचं पातेलं घासता घासता मला विचारलं, "अन् त्याच्यात काय लिवलंय ते कुणी इचारलं का?"

तिनं विचारलं म्हणून असेल किंवा दादांना स्वतःलाच टोचलं असेल, त्यांनी मला जपानी शिकायला घातलं. मी एकोणीस वर्षांची होते. अजिंठा-वेरूळला जपानी प्रवासी येत, त्यांच्यासाठी गाईड हवे होते, म्हणून शहरात संध्याकाळचा एक वर्ग सुरू झाला होता. दादा म्हणाले, "नोकरी लागली तर लागू दे. पण बेबी, मला तो ग्रंथ वाचून दाखवायचा. मरायच्या आधी एकदा ऐकायचाय." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला अजून त्यांचा तो चेहरा आठवतो. वर्ग घेणारे देशमुख सर एका कारखान्यातर्फे सहा महिने जपानला राहून आले होते. त्यांचं जपानी अस्सल होतं, पण सगळं यंत्राजवळचं. आम्ही 'नमस्कार'च्या आधी 'बोटं सांभाळा' शिकलो. अध्यक्षांची मुलगी म्हणून मला ग्रंथ घरी न्यायची परवानगी मिळाली. सरावासाठी मी तो पहिल्या पानापासून दोनशे पानी वह्यांमधे उतरवायला घेतला. अर्थ कळत नव्हता, पण अक्षर वळण घेत होतं. दादा समोर बसून बघायचे, माझ्या पेनाचा आवाजही त्यांना पवित्र वाटत असावा.

'स्टेशन'ला जपानीत एकच अक्षर आहे, ते आम्हाला तिसऱ्या महिन्यात शिकवलं. गाईडला ते लागतंच. घरी येऊन मी नकाशा उघडला आणि ते अक्षर मला पहिल्या गोलाशी दिसलं. मग दुसऱ्या. मग बाराच्या बारा. मी तो कागद घडी करून ठेवला, पुन्हा उघडला, पुन्हा मोजले. वाटलं, मलाच येत नसेल. मग महिनाभर शब्दकोश घेऊन बसले, आणि जसजसं कळत गेलं तसतशी माझी भूक मेली. हारासे नावाच्या खोऱ्यातली एकेरी लाईन. वरचं हारासे, मधलं हारासे, खालचं हारासे, आपल्याकडं बुद्रुक आणि खुर्द असतं तसं. आधी तिथल्या बाया रेशमाचे कोष पाठीवर बांधून डोंगर उतरायच्या. गावकऱ्यांनी जमीन दिली, रूळ टाकले, कोष गाडीनं जाऊ लागले. पुढं कोषांचा धंदा बसला तशी गाडीत शाळेची पोरं आणि ऑफिसला जाणारे बसू लागले. रविवारी डबे रिकामे जायला लागले म्हणून कंपनीनं शेवटच्या स्टेशनावर गरम पाण्याची कुंडं आणि जत्रेतले पाळणे उभे केले. ते शेवटचं स्टेशन म्हणजे आमचं जरामरण. आठव्या स्टेशनाशी मात्र खरोखरच दारूची मोठी भट्टी होती. तृष्णेचं तेवढं एक दादांचं बरोबर आलं.

मी दादांना सांगितलं नाही. रोज ते विचारायचे, "कुठवर आलं?" आणि मी म्हणायचे, "अवघड आहे दादा, जुनी भाषा आहे." आठ महिने मी हे केलं. विहारात सातशे माणसं त्यांना हात जोडत होती. खालच्या नोकरीतल्या ज्या माणसाला साहेब नावानंसुद्धा हाक मारत नव्हता, त्याच्यासाठी लोक उठून जागा देत होते. ते मी कशी मोडणार होते? तेव्हा मला हे माझं प्रेम वाटायचं. आज वाटतं, त्यात भित्रेपणाही बराच होता.

आणि मग साळवे मास्तरांना कळलं, की मी एका जपानी गटाबरोबर शिकाऊ गाईड म्हणून फिरते आहे. त्यांनी मला गाठून सांगितलं, त्यातला एक तरी विहारात आण, ग्रंथावर त्याचं व्याख्यान ठेवू. मी टाळलं तर ते स्वतःच हॉटेलात जाऊन एका म्हाताऱ्या पाहुण्यांना हाताला धरून घेऊन आले. गृहस्थ चष्म्याचं दुकान चालवायचे. विहाराबाहेर फलक लागला होता, 'जपानचे थोर बौद्ध विद्वान'. आईनं सगळ्यांसाठी मुरमुऱ्यांचा सुशिला केला होता आणि पाहुण्यांसाठी मिरची वगळून वेगळा. दादांनी पांढरा सदरा घातला होता. मला म्हणाले, "आज कळंल बेबी, तुला जे अवघड गेलं ते हे सोपं करतील."

पाहुण्यांना मंचावर बसवलं. ताटात फुलं, फुलांवर पुस्तक. त्यांनी फडकं सोडलं, पान उघडलं, दुसरं उघडलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "हा हारासे लाईनचा इतिहास आहे. असं पुस्तक असेल हे मलाही ठाऊक नव्हतं. हे इथं कसं?"

सातशे तोंडं माझ्याकडं बघत होती. मी माईकवर म्हणाले, "पाहुणे म्हणतात, असा ग्रंथ त्यांनीसुद्धा आजवर पाहिला नव्हता."

"साधू, साधू, साधू," विहार दणाणला.

मास्तरांनी सांगितलं, बारा निदानांवर दोन शब्द होऊ द्या. नकाशा उघडला गेला. पाहुण्यांनी एकेका गोलावर बोट ठेवून स्टेशनांची नावं वाचायला सुरुवात केली आणि मी त्यांच्यामागून बोलू लागले: अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप. माझा आवाज स्थिर होता, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. लोक डोळे मिटून ऐकत होते. पाहुण्यांना आता रंग चढला. लहानपणी आजोबांच्या गावी अशाच गाडीनं जायचो, असं काहीसं ते सांगू लागले आणि सांगता सांगता त्यांनी दोन्ही हात कोपरात वाकवून अंगाशी धरले, पुढं-मागं फिरवले आणि तोंडानं 'शुश्शु पोप्पो, शुश्शु पोप्पो' केलं.

दादांना जपानी येत नव्हतं. पण वाफेच्या इंजिनाचा दांडा चाकाला कसा फिरवतो, हे ओळखायला त्यांना कुठली भाषा लागत नव्हती. ते खुर्चीवरून उठले. माझ्याजवळ आले. माईक सुरूच होता.

"बेबी," ते म्हणाले, "हे इंजिन करून दाखवत्यात का?"

मी खाली बघितलं.

"खरं सांग. हे रेल्वेचं पुस्तक हाय?"

"व्हय दादा."

"अन् हे बारा?"

"स्टेशनं."

त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. "मंडळी," ते म्हणाले, "माझी चूक झाली. इतकी वर्सं मी तुम्हाला एका गाडीच्या टाइमटेबलाला हात जोडायला लावलं. मी रेल्वेचा माणूस असून मला कळलं नाय, हे तर लईच शरमेचं. मी भिक्खू म्हून ज्याला समजलो त्याला इचारलं नाय, पुस्तक वाचलं नाय, नुसतं मानलं. आपल्याला हे शिकवलं नव्हतं. उद्यापासून पाच बेचाळीसला उठायची गरज नाय."

मला वाटलं, आता लोक हसतील. कुणी हसलं नाही. मागच्या बायांतून एक आवाज आला, "असं कसं म्हंता अध्यक्ष? मी पाच बेचाळीसला बसायला लागले अन् माझी कंबर दुखायची थांबली." दुसऱ्याच्या पोराला नोकरी लागली होती. तिसऱ्याची दारू सुटली होती. मास्तरांनी अलगद माईक काढून घेतला. "अध्यक्ष भावनेच्या भरात बोलले," ते म्हणाले. "पोरगी लहान आहे, वर्षभराचं जपानी, भाषांतरात घोटाळा झाला. बंधू-भगिनींनो, गाडी हे रूपक आहे. धम्माला यान म्हणतात, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?" पाहुण्यांना यातलं काही कळत नव्हतं. कुणीतरी रागावलंय आणि त्याला बहुधा आपणच कारण आहोत, एवढंच त्यांना कळलं. भल्या माणसानं काय करावं? ते उठले, पुस्तकासमोर गेले, हात जोडले आणि कमरेत वाकले, अगदी खोल. त्या एका वाकण्यानं निकाल लागला. जपानी माणूस स्वतः वाकला, आता कीमनचं कोण ऐकतो?

पुढच्या बैठकीत ग्रंथाचा अवमान केल्याबद्दल दादांचं अध्यक्षपद गेलं. त्यांच्या जागी मास्तर आले. दादा फक्त म्हणाले, "माझं पुस्तक द्या मला."

"दान दिलेलं परत मागता?" मास्तर म्हणाले.

"दान धम्माला दिलं व्हतं. हे रेल्वेचं निघालं."

"ते तुम्ही म्हणता."

दादा घरी आले, हातोडा हातात नसतानाही दाराआड क्षणभर थांबले आणि आत जाऊन बसले.

माझ्याशी ते नऊ दिवस बोलले नाहीत. दहाव्या दिवशी आईनं अंबाडीची भाजी केली होती. मी ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि माफी मागितली. म्हणाले, "पुस्तकाचं मला वाईट नाय वाटलं. तू आठ महिने मला खोटं सांगितलं. का? तर माझी इज्जत वाचवायला. इज्जत माझी व्हती ना? वाचवायची का नाय ते मी बघितलं असतं. तू मला एवढं कच्चं समजली?" मी रडले. आई म्हणाली, "रडू नको, भाजी खारट व्हईल. अन् तुम्ही बी आता गप जेवा, तिनं सांगितलं असतं तर तुम्ही तिलाच अडाणी ठरवलं असतं." दादा खरंच गप्प जेवले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "वह्या हायेत ना तुझ्याकडं? काढ. पहिल्या पानापासून वाच."

असं ते वाचन सुरू झालं. जेवण झालं की मी वही घेऊन बसायची आणि अडखळत मराठी करून सांगायची. प्रवचन करणारे दादा गेले आणि रेल्वेचे दादा आले. "वळणावर चावी जास्त ढिली व्हते, तिथं बी तसंच लिवलंय बघ." "बर्फ म्हणजे रुळावर? मग फिरत्यात कसं?" त्यांना सगळं हवं होतं, पुलाचे खांब किती, स्लीपर कुठल्या लाकडाचे, पावसात दरड कोसळली तेव्हा पहिल्यांदा कुणी पाहिली. ग्रंथ होता तेव्हा त्यांनी एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. आणि मग सातव्या प्रकरणाच्या शेवटी एक पान आलं. त्यावर नुसती नावं होती, चौतीस.

"कुणाची? इंजिनियरची?"

"नाही दादा. रोज हातोडा घेऊन लाईनीवर पायी फिरायचे, त्यांची. लाईन सुरू झाली तेव्हापासूनच्या सगळ्यांची."

"कीमनची?"

"व्हय."

"छापलीत? पुस्तकात?"

मी मान हलवली. दादा वहीजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. त्यांनी डोळे मिटले होते, पण ते ध्यान नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "तो माणूस मला भिक्खू वाटला. अन् मी त्याला कीमन वाटलो. त्याचंच बरोबर व्हतं बेबी. त्यानं मला दिलं व्हतं ते. मला." तीन-चार वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पहिल्या दिवसापासून वीस मिनिटं मागं चालायचं. निरोपाच्या कागदावर त्यांचं नावही चुकीचं होतं. पुस्तक मात्र त्यांना परत मिळालं नाही. त्यांनी आणखी दोनदा मागितलं, एकदा तर लेखी. दोन्ही वेळा मास्तरांनी सांगितलं, ग्रंथ सगळ्यांचा आहे. दादा गेले तेव्हा ते काचेच्या कपाटातच होतं, फुलांखाली.

मी पुढं तीस वर्षं जपानी प्रवाशांना लेणी दाखवली. हारासेकडचं कुणी भेटतंय का ते विचारत राहिले. एकदा त्या बाजूच्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, ती लाईन कधीच बंद झाली, रूळ उचलले, आता तिथून बस जाते. पाच बेचाळीसची गाडी तिथं धावत नाही. जगात ती आता फक्त आमच्या विहारातून वेळेवर सुटते.

मध्यंतरी विहाराला रंग द्यायचा होता. मास्तर आता नाहीत, त्यांचा मुलगा सचिव आहे. तो फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन माझ्याकडं आला. "आत्या, दोन दिवस सांभाळा. रंगाचा थेंब उडायला नको. उघडू मात्र नका, जुनं हाय." मी म्हणाले, बरं. तो जिना उतरून गेल्यावर मी उघडलं. आईची डांबरगोळी विरून गेली होती, पण वास होता. सातव्या प्रकरणाचं शेवटचं पान काढलं, शाईचं पेन घेतलं आणि चौतिसाव्या नावाखाली देवनागरीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात दादांचं नाव लिहिलं: ३५. किसन खरात, कीमन, दौलताबाद पट्टा.

पुस्तक परत कपाटात गेलं. ज्या कमिटीनं दादांना काढलं, ती आता नकळत दर पौर्णिमेला त्यांच्या नावापुढं मेणबत्ती लावते. प्रत्येकाच्या खिशात आज असा फोन आहे, की जपानी पानावर धरला तर मराठी करून दाखवतो, पण कुणी धरत नाही. आणि माझ्या ओळीसाठी तर फोनही नको, साधं मराठी आहे, पान उलटलं की वाचता येईल. मी मागच्या रांगेत खुर्ची टाकून बसते आणि वाट बघते. पाच बेचाळीस होतात, सगळे वाकतात, आणि पुस्तक तसंच मिटलेलं राहतं.